मध्यस्थ नको म्हणणारं चलन

डिजिटल पैशाची मूळ अडचण चोरीची नव्हे, नकलेची. फाइलची प्रत काढायला काहीच खर्च येत नाही; मग तीच रक्कम एकाच वेळी दोघांना पाठवणाऱ्याला अडवायचं कसं? बँक आपल्या खतावणीत नोंद बघून अडवते. डेव्हिड चॉम या संगणकशास्त्रज्ञाच्या डिजिटल चलनातही मधोमध डिजिकॅश ही कंपनी होतीच आणि १९९८ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केल्यावर ते चलनही मागे पडलं.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइन या नव्या डिजिटल चलनाची कल्पना मांडणारा नऊ पानांचा निबंध आला. खतावणी एकाकडे नकोच, प्रत्येकाकडे तिची पूर्ण प्रत असू दे, हा त्याचा गाभा. पण मग नवं पान कोणी लिहायचं? इथे सातोशीने जुनीच युक्ती उचलली. नको असलेल्या ई-मेलना आळा घालण्यासाठी अ‍ॅडम बॅक यांनी १९९७ मध्ये हॅशकॅश काढलं होतं : आधी संगणकाला घाम गाळायला लावायचा, मगच संदेश स्वीकारायचा. बिटकॉइनमध्ये व्यवहारांच्या गठ्ठ्याला, म्हणजे ब्लॉकला, एक आकडा जोडून त्याचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून निघणारी ठशासारखी संख्या, काढतात. तो ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत आकडे बदलत राहायचं. दुसरी वाट नाही. ज्याला आधी सापडेल त्याचा ब्लॉक जोडला जातो आणि त्याला नवी नाणी मिळतात. प्रत्येक ब्लॉकमध्ये मागच्याचा हॅश असल्याने जुन्या नोंदीत एक अक्षर बदललं तरी पुढची सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक निघावा म्हणून दर २,०१६ ब्लॉकनंतर हा आकडा शोधण्याच्या कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते.

३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकमध्ये बँकांना दुसऱ्यांदा सरकारी मदत देण्याबद्दलचा लंडनच्या ‘टाइम्स’मधला मथळा कोरलेला आहे. रोख कुणावर होता, हे वेगळं सांगायला नको.

‘एका प्रोसेसरला एक मत’, म्हणजे साध्या संगणकावरही कुणालाही ब्लॉक शोधता यावा, ही सातोशीची कल्पना मात्र फार टिकली नाही. आधी ग्राफिक्स कार्डं आली, मग फक्त याच कामासाठी घडवलेल्या चिप्स. घरच्या संगणकाचा निभाव लागेना. दुसरा पेच वेगाचा. सगळ्यांनी सगळं तपासायचं म्हटल्यावर सेकंदाला जेमतेम सात व्यवहार होतात. ब्लॉक मोठे करावेत की नाही यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि २०१७ मध्ये मोठ्या ब्लॉकवाल्यांचं बिटकॉइन कॅश हे वेगळं चलन फुटून निघालं. माझ्या मते मोठे ब्लॉक नाकारणाऱ्यांचं बरोबर होतं : ब्लॉक फुगले की पूर्ण प्रत ठेवणं थोड्यांनाच परवडेल. पण त्याची किंमत म्हणून बिटकॉइन रोजच्या खरेदीचं चलन व्हायचं राहिलं आणि २.१ कोटी नाण्यांच्या कमाल मर्यादेमुळे लोक ते खर्चण्याऐवजी साठवू लागले.

साठवायचं तर गुप्त किल्ली, म्हणजे नाणी खर्चायला लागणारा संकेतांक, सांभाळावी लागते. ती हरवली की नाणी गेली. हा घोर नको म्हणून अनेकांनी नाणी एक्स्चेंजकडे, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारांकडे, सोपवली. त्यांतलं टोकियोचं माउंट गॉक्स २०१४ मध्ये लाखो नाण्यांसह बुडालं. तरीही ओघ मध्यस्थांकडेच राहिला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेने थेट बिटकॉइन बाळगणाऱ्या ईटीएफना, म्हणजे शेअर बाजारात विकल्या-घेतल्या जाणाऱ्या फंडांना, परवानगी दिली. त्यात गुंतवणूकदाराकडे असतात फंडाची युनिट्स, किल्ल्या फंडाने नेमलेल्या संस्थेकडे.