फिरंगाणाचा पाडाव : साष्टी आणि वसई (१७३७–३९)

मुंबईच्या उत्तरेला पसरलेला पोर्तुगीजांचा 'उत्तर प्रांत' मराठ्यांनी सुमारे दोन वर्षांच्या मोहिमेत जिंकला, ती घटना. मराठी कागदपत्रांत या मुलखाला फिरंगाण म्हटले आहे. वसई ही त्याची राजधानी. दमणपासून चौलपर्यंतची ठाणी, साष्टी बेट आणि उरणजवळचे करंजा हा मुलूख त्यात येई. वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली, भाईंदर आणि ठाणे ही आज एका सलग शहरात मिसळून गेलेली गावे तेव्हा साष्टीत मोडत. सहासष्ट गावांचे बेट म्हणून साष्टी. माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला इंग्रजांची मुंबई आणि उत्तरेला वांद्र्यापासून फिरंगाण, अशी ती सरहद्द होती. आज ती लोकलने ओलांडायला दोन-तीन मिनिटे लागतात.

या विजयाची कथा बहुधा वसईच्या तटापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. चिमाजीअप्पांचा निर्धार आणि सुरुंगांनी उडालेला बुरूज मराठी मनात कायमचे घर करून आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. पण दोनशे वर्षे उभी असलेली सत्ता दोन वर्षांत का कोसळली, याचे उत्तर एकट्या त्या तटापाशी मिळत नाही. ते साष्टीच्या गावांत, गोव्याच्या रिकाम्या खजिन्यात आणि मुंबईच्या इंग्रज कौन्सिलच्या हिशेबात शोधावे लागते.

पार्श्वभूमी. गुजरातचा सुलतान बहादूरशाह मोगल बादशहा हुमायूनच्या धास्तीत होता. त्याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटेही त्यातच होती. सोळाव्या शतकात हिंदी महासागरावर पोर्तुगीजांचा दरारा होता आणि त्यांच्या परवान्याशिवाय व्यापारी जहाज समुद्रात लोटणे धोक्याचे असे. हा सगळा डोलारा आरमाराच्या जोरावर उभा होता. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांत शिबंदी थोडी ठेवायची आणि संकट आले की समुद्रमार्गे कुमक आणायची, अशी रीत होती.

सतराव्या शतकात समुद्रच हातून निसटत गेला. १६२२ मध्ये होर्मुझ गेले, १६५० मध्ये मस्कत. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोची घेतले. १६९८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मोंबासाचा किल्ला ओमानच्या अरबांकडे गेला. लिस्बनचे लक्ष ब्राझीलकडे वळले होते आणि तिथे सोने सापडल्यावर पूर्वेच्या मुलखाला दुय्यम स्थान आले. मुंबई तर पोर्तुगालच्या राजाने १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला देऊन टाकली. वसईच्या पोर्तुगीजांनी कुरकुर केली, चालढकल केली, पण १६६५ मध्ये बेट सोडावे लागलेच. त्या दिवसापासून फिरंगाणाच्या दाराशी परका शेजारी येऊन बसला. पुढच्या घटना पाहता ही चूक पोर्तुगीजांना सर्वांत महागात पडली, असे म्हणावे लागते.

रयत. साष्टीतील गावे पोर्तुगीज सरकारने आपल्या लोकांना आणि धर्मसंस्थांना नाममात्र साऱ्यावर तोडून दिली होती. मोबदल्यात धारकाने गरजेला घोडा आणि माणसे घेऊन हजर व्हायचे, अशी अट होती. पिढ्या उलटल्या तसे वाडे वाढले आणि अटी कागदावर राहिल्या. युद्धाची वेळ आली तेव्हा या गावखंडांतून कामाचे सैन्य उभे राहिले नाही.

धर्माचा जाच वेगळाच होता. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, होते आणि त्याचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोचे. हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी होती आणि बाप वारलेल्या मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचे कायदे होते. सगळे पाद्री किंवा सगळे अधिकारी एकसारखे क्रूर होते असे नाही. पण घरातल्या मुंजीला किंवा लग्नाला खाडी ओलांडून परमुलखात जायची पाळी ज्या माणसावर येते, तो राज्यकर्त्यासाठी तलवार उचलत नाही. साष्टीतील अनेक प्रतिष्ठित घराण्यांची मने अशी तुटली. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांचे भाऊ यांची नावे या संदर्भात येतात. त्यांनी पुण्याला खेटे घातले आणि पेशव्यांना साष्टीवर येण्याची गळ घातली. नुसती विनंती करून ते थांबले नाहीत. कोणत्या ठाण्यात किती शिबंदी आहे, भरती-ओहोटी केव्हा, उतार कुठे, होड्या कुठे जमवता येतील, ही बातमी त्यांनी पुरवली आणि वाटाड्यांचे कामही केले. खाड्यांच्या मुलखात ही माहिती हजार घोडेस्वारांच्या तोडीची असते. देशावरच्या फौजेला ओहोटीची वेळ कोण सांगणार होते?

मराठ्यांचा दाब आधीपासून होताच. १७३० मध्ये पिलाजी जाधवांनी साष्टीपर्यंत धडक मारली होती आणि १७३२ मध्ये तह झाला. त्यानंतर अलिबागजवळच्या कुलाब्याच्या आंग्रे या आरमारी घराण्यात मानाजी आणि संभाजी यांच्यात भाऊबंदकी पेटली. बाजीरावांनी मानाजीची बाजू घेतली आणि पोर्तुगीज संभाजीच्या पाठीशी गेले. घराला तडे गेलेले असताना शेजाऱ्याच्या भांडणात पडायचे नसते, हे गोव्याच्या पोर्तुगीज सरकारला उमगले नाही. उत्तर प्रांताचा पोर्तुगीज प्रमुख, जनरल लुईस बोतेल्यू याने पेशव्यांच्या वकिलाशी बोलताना बाजीरावांचा अपमान केला, असेही सांगितले जाते.

ठाणे. १७२८ च्या सुमारास झालेल्या पाहणीत पोर्तुगीजांच्याच लक्षात आले होते की उत्तरेतील किल्ल्यांत माणसे अपुरी आहेत आणि तोफा नादुरुस्त आहेत. त्यावर उपाय म्हणून ठाण्याला खाडीकाठी नवा किल्ला बांधायला घेतला. आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच हा किल्ला. पैशाअभावी काम रेंगाळले आणि मार्च १७३७ च्या शेवटच्या आठवड्यात मराठे आले तेव्हा तट पुरा झालेला नव्हता. चिमाजीअप्पांच्या फौजा रात्री खाडी उतरून आल्या. बोतेल्यू ठाणे सोडून गेला, त्याच्या मागे शिबंदीनेही धीर सोडला आणि साष्टीची किल्ली मराठ्यांच्या हाती आली. त्याच सुमारास वसईच्या उत्तरेला शंकराजी केशव फडक्यांच्या लोकांनी अर्नाळ्याचे बेट घेतले. वैतरणेच्या मुखावरचा पहारा त्यामुळे मराठ्यांकडे आला. घोडबंदरही पडले. वांद्रे आणि वेसावे (वर्सोवा) ही किनाऱ्यावरची ठाणी मात्र पोर्तुगीजांकडे राहिली, आणि वसई तर राहिलीच.

पहिला जोर वसईवर चालला नाही. पावसाळा आला, फौजा अडकल्या. बाजीराव उत्तरेत निजामाशी झुंजत होते आणि भोपाळचा प्रसंग १७३७ च्या अखेरीस घडला. पोर्तुगीजांना सावरायला हाच अवधी होता. बोतेल्यूनंतर काही काळाने जनरल झालेला पेद्रो द मेलो धडाडीचा होता. डिसेंबर १७३८ मध्ये ठाणे परत घ्यायला तो स्वतः चालून गेला आणि तिथेच तोफेच्या माऱ्यात पडला. पोर्तुगीजांच्या बाजूने पुढाकार घेऊन लढणारा माणूस त्याच्याबरोबर संपला.

शेवटचा हंगाम. १७३८ च्या अखेरीस चिमाजीअप्पा पुन्हा कोकणात उतरले. या वेळी आखणी पक्की होती. जानेवारी १७३९ मध्ये उत्तरेकडील केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पुढे वेसावे आणि उत्तनजवळचा धारावीचा किल्ला पडला. (ही धारावी भाईंदरच्या पश्चिमेची. माहीमजवळच्या धारावीशी तिची गल्लत होते.) धारावीच्या डोंगरावरून वसईच्या खाडीच्या मुखावर नजर राहते, त्यामुळे समुद्रमार्गे वसईला रसद पोचवणे अवघड झाले. त्याच हंगामात मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्यात शिरले आणि मडगावपर्यंतचा मुलूख त्यांनी दाबला. व्हाइसरॉय कोंदे द सांदोमिल याला आता गोवा वाचवावा की वसई, असा पेच पडला. वसईला जाऊ शकणारी माणसे गोव्यातच अडकून पडली.

मोहिमेतील सर्वांत कुशल डाव हाच होता, असे वाटते. वसईच्या तटावर मराठ्यांनी रक्त सांडले, पण वसईचा निकाल साडेचारशे किलोमीटर दूर साष्टीच्याच नावाच्या दुसऱ्या प्रांतात, गोव्याच्या साष्टीत, निम्मा लागला होता.

वसईचा वेढा. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल आहे. चढाई करण्याजोगी बाजू एकच, उत्तरेची, आणि ती वाळूची. फेब्रुवारी १७३९ पासून मराठ्यांनी या वाळूत मोर्चे पुढे सरकवत नेले. वाळूत खणलेला खंदक ढासळतो, म्हणून झापा, फळ्या आणि वाळूच्या थैल्या लावत काम करायचे. वरून तोफा, बंदुका आणि पेटते पदार्थ पडत होते. रेमेदियोस आणि सेबास्तियन या बुरुजांखाली सुरुंग खणले गेले. मे महिन्याच्या आरंभी ते पेटवले. काही वेळेवर उडाले. एक उशिरा उडाला आणि खिंडारात शिरलेली मराठ्यांचीच माणसे त्यात गेली. तरी लोक पुन्हा चढले. आत कमांडर मार्तिन्हो द सिल्व्हेरा आधीच मारला गेला होता आणि त्याच्या जागी काएतानू द सौझा परेरा लढत होता. शिबंदी शौर्याने लढली, हे नोंदवायलाच हवे. दारूगोळा आणि अन्न संपत आले, खिंडार बुजवायला हात उरले नाहीत, आणि मगच पांढरे निशाण लागले. या मोहिमेत मराठ्यांची सुमारे पाच हजार माणसे पडली, असा आकडा सर्रास दिला जातो.

तह १६ मे १७३९ रोजी झाला आणि २३ मे रोजी पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले. काही ठिकाणी ५ मे आणि १२ मे असे वाचायला मिळते. मुंबईचे इंग्रज तेव्हा जुनी कालगणना वापरत आणि ती अकरा दिवस मागे होती, म्हणून हा फरक पडतो. तहाच्या अटी उदार होत्या. शिबंदीने शस्त्रे आणि निशाणांसह मानाने बाहेर पडावे, रहिवाशांनी चीजवस्तू न्यावी, राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळता यावा. वसईच्या ख्रिस्ती समाजाने पुढेही आपला धर्म आणि आपली मराठी बोली दोन्ही राखली.

मुंबईची भूमिका. फिरंगाण पडत असताना मुंबईचे इंग्रज खाडीपलीकडून पाहत होते. दोघेही युरोपीय, दोघांचे राजे मित्र. पण ठाण्याला आणि वांद्र्याला पोर्तुगीज मुंबईच्या मालावर जकात घेत, त्यावरून भांडण मुंबई इंग्रजांकडे आली तेव्हापासूनचे होते. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबईबाहेर घालवले. १७२१ मध्ये दोघांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली आणि ती फसल्यावर पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला. तो राग मुंबईत विसरला गेला नव्हता. वसईने अखेरच्या महिन्यांत काकुळतीने मदत मागितली. मुंबईने पंधरा हजार रुपये दिले, तेही चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन. वांद्र्याची तटबंदी मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून ती पाडून टाका, असा सल्लाही दिला. त्यात वांद्र्याचे सेंट ॲन कॉलेजही गेले. घर जळत असताना शेजाऱ्याने कर्ज देऊन तारण मागावे, तसा हा व्यवहार होता. मात्र तो मूर्खपणा नव्हता. हरणाऱ्या पक्षावर पैसा लावायचा नाही, हे कौन्सिलने पक्के ठरवले होते.

वसई पडल्याची बातमी आली आणि मुंबईला घाम फुटला. मराठे आता माहीमच्या खाडीपर्यंत आले होते. शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये जमवून कोटाभोवती खंदक खणायला दिले. तो खंदक पुढची काही वर्षे खणला जात होता. त्याच उन्हाळ्यात कॅप्टन विल्यम गॉर्डन याला साताऱ्याला शाहू महाराजांकडे पाठवले, आणि कॅप्टन जेम्स इंचबर्डने वसईला येऊन जुलैमध्ये चिमाजीअप्पांशी तह केला. त्यात पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांना व्यापाराची मुभा मिळाली. खंदक आणि तह ही दोन्ही कामे एकाच वर्षी हाती घेतली, यावरून मुंबईकर इंग्रजांची रीत ओळखू येते.

परिणाम. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लईही सोडले. उत्तरेत त्यांच्याकडे दमण आणि दीव एवढेच उरले. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात १७२१ चे साल कोरलेली तशी घंटा आजही टांगलेली आहे. भीमाशंकरला आणि मेणवलीलाही अशा घंटा आहेत. चिमाजीअप्पांच्या नवसातून वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले.

फिरंगाणाच्या विजयाने मराठ्यांना किनारा मिळाला, पण त्यांनी समुद्राची बाजू पुरती बांधली नाही. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साथीने विजयदुर्गावर चाल केली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. किनाऱ्यावरचे सर्वांत कसलेले मराठी आरमार अशा रीतीने आपल्याच हाताने संपले, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. १७७४ मध्ये पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येणार, अशी बातमी मुंबईला लागली. पुण्यात नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर कारभार दुभंगला होता. पोर्तुगीज येण्याआधीच इंग्रजांनी ठाण्यावर फौज पाठवली. वेढ्यात कमोडोर जॉन वॉटसन प्राणांतिक जखमी झाला. २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाणे पडले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची मुंबईला जोडली गेली.