नवी बॅग निवडायला येताना जुनी बॅग भरलेलीच आणावी

सप्रेम नमस्कार.

रोजच्या वापराची बॅग कशी निवडावी, हा प्रश्न आमच्या दुकानात दिवसातून पाच-सहा वेळा तरी विचारला जातो आणि दर वेळी काउंटरवर तेच उत्तर देताना मागे मशीनवरचे काम थांबते. म्हणून हे माहितीपत्रक छापून घेतले आहे. आमचे बहुतेक ग्राहक डोंबिवलीहून ठाणे, दादर किंवा सीएसएमटीपर्यंत रोज लोकलने जा-ये करणारे आहेत. त्यामुळे पुढे लिहिलेले सहलीच्या किंवा लग्नकार्यात मिरवायच्या बॅगांविषयी नसून, सकाळी खांद्याला लावली की रात्रीच खाली उतरते अशा एकाच बॅगेविषयी आहे. सॅक, स्लिंग आणि झोळी यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे असे आम्ही धरून चालतो.

रिकाम्या हाताने येऊ नये

बॅग निवडताना सर्वाधिक होणारी चूक रंगाची, कापडाची किंवा किमतीची नसते. ग्राहक रिकाम्या हाताने येतात, ही ती चूक. संध्याकाळी घरी जाऊन, हातपाय धुऊन, हातात फक्त मोबाइल घेऊन ते दुकानात येतात, भिंतीवर टांगलेली एखादी बॅग खांद्याला लावून आरशात पाहतात आणि ‘छान दिसते’ म्हणून घेऊन जातात. रिकामी बॅग कोणाच्याही खांद्यावर छानच दिसते. आठ दिवसांनी तीच बॅग परत येते आणि तक्रारही ठरलेली असते, ती म्हणजे डबा उभा राहत नाही, आडवा ठेवावा लागतो आणि आमटी सांडते.

यात बॅगेचा दोष नसतो, तसाच डब्याचाही नसतो. तीन पुडांचा गोल डबा साधारण १३ ते १४ सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि आमच्याकडच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या सडपातळ बॅगेचा तळ १० सेंटिमीटर रुंद आहे. हा हिशेब दुकानात अर्ध्या मिनिटात होतो, पण त्यासाठी डबा समोर असावा लागतो. ‘नेहमीचाच असतो तसा डबा आहे’ एवढ्या वर्णनावर आम्ही पूर्वी बॅगा देत असू. आता देत नाही.

‘मग तळाची पट्टी चार सेंटिमीटरने वाढवून द्या, तेवढेच तर काम आहे,’ असे आम्हाला सांगण्यात येते. ते तेवढेच काम नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. तळाची पट्टी आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बहुधा एकाच सलग कापडात कापलेल्या असतात. ती पट्टी बदलायची तर कडेचा गोट काढावा लागतो, पुढचा आणि मागचा भाग उसवावा लागतो, अस्तर सुटे करावे लागते, चेन आणि पट्ट्याचे टाके काढावे लागतात आणि नवी पट्टी कापून हे सारे उलट क्रमाने पुन्हा शिवावे लागते. नवी बॅग शिवायला जितका वेळ लागतो त्याहून फारसा कमी वेळ याला लागत नाही. शिवाय रेक्झिनवर सुईची जुनी भोके कायमची दिसत राहतात, त्यामुळे इतके करूनही बॅग नवी दिसत नाही ती नाहीच. गेल्या पावसाळ्यात आमच्या दोन कारागिरांपैकी एकाचे जवळजवळ सगळे शनिवार अशा दुरुस्त्यांत गेले, आणि ज्यांनी आधी माप देऊन बॅगा सांगितल्या होत्या त्यांना थांबावे लागले.

लॅपटॉपच्या बाबतीत हीच गफलत आकड्यांमुळे होते. १५.६ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप आहे, यंत्राच्या रुंदीचे नव्हे. असा लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि २४ ते २५ सेंटिमीटर खोल असतो. १४ इंचांचा त्याहून सुमारे चार सेंटिमीटरने अरुंद भरतो. त्यावर कडक कव्हर घातलेले असेल तर मापे आणखी बदलतात. तेव्हा आकडा सांगण्यापेक्षा लॅपटॉप घेऊन यावा. तो चालू करण्याची गरज नाही.

जुनी बॅग आम्हाला काय सांगते

बरेच जण ‘अगदी माझ्या जुन्या बॅगेसारखीच हवी’ म्हणून येतात, आणि ती मागणी आम्हाला मनापासून आवडते. सात-आठ वर्षे वापरलेल्या बॅगेत हात न पाहता किल्लीपर्यंत जातो. गर्दीत पास काढायचा झाला तरी बोटांना चेन कुठे आहे ते माहीत असते. माणसाचा जीव बसतो तो बहुतेक या सवयीवर. पण असे ग्राहक ती जुनी बॅग घरीच ठेवून येतात, किंवा संकोचापोटी रिकामी करून, साबणाने धुऊन, उन्हात वाळवून आणतात. कृपया तसे करू नये. आम्हाला हवी असते ती मळलेली आणि भरलेली बॅग.

त्याचे कारण असे की बॅग कशी वापरली गेली, हे तिच्या झिजेवरून कळते. तळाचा एकच कोपरा घासला गेला असेल तर वजन एका बाजूला, म्हणजे बहुधा पाण्याच्या बाटलीच्या बाजूला पडते. पट्ट्याची एकच कड काळवंडली असेल तर बॅग नेहमी एकाच खांद्यावर असते. पुढच्या कप्प्याची चेन कोरी करकरीत आणि आतल्या लहान कप्प्याचे अस्तर फाटलेले, असे दिसले की पुढचा कप्पा नव्या बॅगेत लावण्याचे कारण नाही, हे आम्ही सांगू शकतो, आणि त्याचे पैसेही आपण वाचवू शकता. धुतलेल्या बॅगेत यातल्या निम्म्या खुणा पुसट होतात.

मागे एक ताई शाळेतून सुटल्यावर परस्पर दुकानात आल्या. त्यांचे म्हणणे होते की खांदा दुखतो, म्हणून हलकी बॅग हवी. त्यांची बॅग आम्ही आमच्या साध्या वजनकाट्यावर ठेवली, तर ती साडेपाच किलो भरली. मग त्यांनी स्वतःच एकेक वस्तू टेबलावर मांडली. एक लिटरची भरलेली बाटली, डबा, तपासायच्या वह्या, चष्म्याचे घर, छत्री, इथपर्यंत ठीक होते. पुढे मात्र दुसरी एक छत्री निघाली, गेल्या वर्षीची डायरी निघाली, सुट्या नाण्यांनी गच्च भरलेली लहान पर्स निघाली, औषधांची रिकामी पाकिटे निघाली आणि तीन किल्ल्यांचा एक जुडगा निघाला, ज्याची कुलपे कुठली हे त्यांनाही आठवेना. हे बाजूला काढल्यावर काटा चार किलोवर आला. त्या दिवशी त्यांनी बॅग घेतली नाही. आमची एक विक्री हुकली. दिवाळीच्या आधी त्या परत आल्या आणि माप देऊन बॅग शिवून घेऊन गेल्या. मुलांच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे. शिकवणाऱ्यांच्या बॅगेचे वजन मात्र ज्याचे त्यालाच पाहावे लागते.

काही ग्राहकांना सामान बाहेर काढायला सांगणे आगाऊपणाचे वाटते, आणि आम्हाला त्यांचे म्हणणे समजते. बॅग ही खाजगी गोष्ट आहे. म्हणूनच दुकानाच्या आतल्या बाजूला पडदा लावून एक टेबल ठेवले आहे. तिथे आपणच सामान काढावे, आपणच नमुन्याच्या बॅगेत भरून पाहावे. आम्ही फक्त बोलावल्यावर माप घ्यायला येतो. जे दाखवायचे नाही ते दाखवू नये, पण त्याच्या आकारमानाची दुसरी एखादी वस्तू टेबलावर ठेवावी, म्हणजे जागेचा हिशेब चुकत नाही.

चेन, पट्टा आणि अस्तर

बॅगेची चेन नंबरावर ओळखली जाते. ५ नंबर म्हणजे बंद केल्यावर दातांची रुंदी साधारण ५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे साधारण ८. आतल्या कप्प्यांना आम्ही ५ नंबर लावतो आणि मुख्य तोंडाला ८. ५ नंबरने बॅग अधिक नाजूक दिसते हे खरे आहे, परंतु गच्च भरलेली बॅग गुडघ्याने दाबून बंद करणाऱ्यांसाठी ती चेन नाही. आपण तसे करत असाल तर मोकळेपणाने सांगावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, निम्मी डोंबिवली तेच करते.

चेन बिघडली म्हणून येणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रनर पुढे सरकतो, पण त्याच्या मागे दात पुन्हा उघडे पडतात, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात आणि झिजलेला असतो तो रनर. तो बदलणे दहा मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी आम्ही पूर्ण चेनचे पैसे लावत नाही. घरी पक्कड घेऊन रनर दाबला तर चार दिवस तो चालतोही, मग मात्र एका बाजूने तडकतो, आणि तडकलेला रनर दात ओरबाडतो. तेव्हा पक्कड वापरण्याआधी बॅग आमच्याकडे आणावी. ती आमच्याकडून घेतलेली असण्याची अट नाही.

पट्टा स्वतः क्वचितच तुटतो. तो जिथे शिवलेला असतो तिथले कापड फाटते. म्हणून बॅग कुठूनही घेतली तरी पट्ट्याचे मूळ उलटून पाहावे. तिथे आतून दुसऱ्या कापडाचा जोड आहे का, आणि शिलाई एका रेषेत न मारता चौकट करून तिच्यात फुली मारली आहे का, एवढे दोन मुद्दे पुरेत. पट्टा रुंद असेल तितके वजन पसरते. चार किलोसाठी एक इंची पट्टा खांद्यात रुततो, दीड इंची चालतो. रेशमी किंवा सिंथेटिक साडी नेसणाऱ्यांच्या खांद्यावरून नायलॉनचा पट्टा सारखा घसरतो. त्यांना आम्ही सुती निवारीचा पट्टा सुचवतो. तो लवकर मळतो, पण जागेवर राहतो.

अस्तराच्या बाबतीत आमचा आणि ग्राहकांचा वाद जुना आहे. ‘काळे अस्तर लावा, मळत नाही,’ असे दहापैकी आठ जण सांगतात. काळे अस्तर मळते तितकेच, फक्त दिसत नाही. आणि त्या काळोखात काळे पाकीट, काळा चार्जर आणि किल्लीही दिसत नाही. आम्ही फिकट पिवळे किंवा राखी अस्तर लावतो. आपला आग्रहच असेल तर काळे लावून देऊ, पण एकदा आमच्या नमुन्याच्या बॅगेत किल्ली शोधून पाहावी. कप्प्यांविषयीही तेच. कप्पे जितके जास्त तितकी सोय जास्त, असे नसते, कारण वस्तू नक्की कुठल्या कप्प्यात ठेवली ते आठवावे लागते. बाहेर एक, आत दोन आणि मुख्य खण, एवढ्यात बहुतेकांचे भागते.

कापड आणि पाऊस

सुती कॅनव्हासची जाडी औंसात, म्हणजे एका चौरस यार्डाचे वजन किती औंस यावर मोजतात. १२ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०७ ग्रॅम आणि १६ औंस म्हणजे ५४२ ग्रॅम. जाड कापड जास्त टिकते, पण रिकाम्या बॅगेचे वजनही वाढवते, म्हणून आम्ही अंगाला १२ आणि तळाला १६ वापरतो. सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, यासाठी आम्ही ते आधी भिजवून, वाळवून मगच कापतो. माप दिल्यावर बॅग मिळायला दहा दिवस लागतात ते काही अंशी याच कारणाने, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळवणीला जास्त दिवस लागतात.

वॉटरप्रूफ हा शब्द आम्ही आमच्या कोणत्याही बॅगेसाठी वापरत नाही. कापड पाणी अडवत असले तरी शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून ते आत येते. आमच्या नायलॉनच्या बॅगेला पावसाचे कव्हर सोबत मिळते. कॅनव्हासला ते वेगळे घ्यावे लागते. बॅग भिजली तर सर्व चेना उघड्या ठेवून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून, सावलीत टांगावी. ओली बॅग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवली की तिला बुरशी येणारच, आणि कॅनव्हासवरचे बुरशीचे काळे ठिपके आम्हालाही काढता येत नाहीत. स्वस्त कृत्रिम चामड्याचा पापुद्रा सुटतो तोही दमट हवेमुळे. अनेकदा न वापरता ठेवलेल्या बॅगेचाच सुटतो, म्हणून त्याबद्दल कोणी आम्हाला दोष दिला की वाईट वाटते. आम्ही तसे चामडे विकणे तीन वर्षांपूर्वी थांबवले.

माप देऊन बॅग करून घेणाऱ्यांसाठी

मोबाइलवर फोटो पाठवून ‘अशीच हवी, किती होतील?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही किंमत सांगत नाही, याचा काहींना राग येतो. फोटोत तळाची रुंदी दिसत नाही, हे एव्हाना आपल्या लक्षात आले असेल. जुन्या बॅगेसारखी नवी हवी असल्यास ती बॅग आमच्याकडे एक रात्र ठेवावी लागते. मापे आणि कागदी नमुना करून ती दुसऱ्या दिवशी परत मिळते. हे नमुने आम्ही जपून ठेवतो, त्यामुळे पुढच्या वेळी आपल्याला काही आणावे लागत नाही, डबा बदलला असेल तर तेवढा डबा आणावा. कापड कापण्यापूर्वी निम्मी रक्कम आगाऊ घेतली जाते आणि कापड कापल्यानंतर माप बदलता येत नाही. आमची शिलाई उसवली तर ती केव्हाही विनामूल्य करून दिली जाते.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून स्टेशनवरून भाजी घेऊन घरी जाणाऱ्यांची पंचाईत होते, म्हणून प्रत्येक नव्या बॅगेसोबत उरलेल्या अस्तराची एक घडीची पिशवी आम्ही देतो. ती मुठीएवढी होते आणि बाहेरच्या कप्प्यात मावते.

शाळा सुरू होण्याआधीचे तीन आठवडे आणि गणपतीच्या आधीचे दहा दिवस मापाची कामे घेतली जात नाहीत. रनर आणि पट्ट्याच्या दुरुस्त्या चालू असतात. दुकान सोमवारी बंद असते. इतर दिवशी सायंकाळी सात ते नऊ गर्दी असते, तेव्हा ऑफिसमधून येताना परस्पर, बॅग खांद्यावर असतानाच आलात तरी चालेल. टेबल रिकामे नसल्यास पाच-दहा मिनिटे बसावे लागेल.