अडकलेला टॅप आणि तुरटीचं पाणी

काही जुन्या उभ्या पियानोंत हातोड्या एका पितळी पट्टीवर स्क्रूने बसवलेल्या असतात. तिच्यातले आटे झिजले की कारागीर भोक किंचित मोठं करून नवे आटे पाडतो. त्याचा टॅप, म्हणजे आटे कापणारं पोलादी हत्यार, अगदी बारीक. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, असा फिरवून कीस मोकळा करावा लागतो. घाई केली की कीस खाचांत दाटतो आणि टॅप कट्‌कन आतच तुटतो.

आता ड्रिल लावू नये. टॅपही तितकाच कडक, त्यामुळे ड्रिलचं टोक घसरतं आणि शेजारचं मऊ पितळ पोखरतं.

घड्याळजींचा यावर जुना उतारा आहे: तुरटी. पट्टी सोडवून, तिच्यावरचं लाकूड-कापड काढून, काचेच्या भांड्यात तुरटीच्या दाट, गरम द्रावणात बुडवायची. तुरटी पाण्यात विरघळली की ॲल्युमिनियमचे आयन भोवतालच्या पाण्यातून हायड्रोजनचे आयन सोडवतात आणि द्रावण आम्लधर्मी होतं. अशा आम्लात लोखंड विरघळतं, तांबं नाही. पितळात जस्तही असतं, आणि ते खरं तर लोखंडाहून क्रियाशील; पण तांब्यात मुरल्यावर त्याचा जोर ओसरतो. शिवाय पोलाद आणि पितळ चिकटून द्रावणात असले की विद्युतघट तयार होतो आणि झीज पोलादाच्या वाट्याला येते. भोकातून बुडबुडे येत राहतात. हा हायड्रोजन, म्हणून खिडकी उघडी हवी. शेवटी काळा गाळ उरतो, तो टाचणीने निघतो. साध्या कार्बन पोलादाचा टॅप लवकर जातो, हायस्पीड स्टीलचा (इतर धातू मिसळलेल्या कडक पोलादाचा) फार रेंगाळतो.

हाच उपाय पियानोच्या आतल्या बिडाच्या चौकटीवर केलात तर मात्र कपाळमोक्ष. आधुनिक ग्रँड पियानोत तारांचा मिळून सुमारे 18 ते 20 टन ताण ही चौकट पेलते. तिच्यात तार ओवायच्या पितळी खुंट्या, म्हणजे अग्राफ, आट्यांनी बसवतात. 1808मध्ये पियानो बनवणाऱ्या सेबास्टियां एरारने आणलेली ही युक्ती. खुंटी तुटली की उरलेल्या बुंध्यात भोक पाडून उलट्या आट्यांचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका भाग बाहेर काढायचं पोलादी हत्यार, घुसवतात. पण तो पाचरीसारखा पितळ फुगवतो, बुंधा आणखी आवळतो आणि शेवटी एक्स्ट्रॅक्टरच तुटतो. इथे तुरटी पोलादाबरोबर बीडही खाईल, आणि एवढी चौकट बुडवणार कशात? मग हायस्पीड स्टीलपेक्षा कडक अशा कार्बाइडच्या बारीक बरने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या दातेरी टोकाने, भोवतालच्या आट्यांना धक्का न लावता, तुकडा कणाकणाने झिजवत बसावं लागतं.