मजुरी वाढते, मालमत्ता मागेच राहते

एखाद्या देशात शंभर माणसे आहेत, सगळी गावात राहतात आणि प्रत्येकाला वर्षाला १ माप उत्पन्न मिळते, असे समजू. विषमता शून्य. आता त्यांतली दहा जण शहरात गेली आणि तिथे प्रत्येकी ३ मापे मिळवू लागली. कोणाचेही काही कमी झालेले नाही, तरीही विषमता मोजणारा गिनी गुणांक शून्यावरून ०.१५ वर जातो. तीस जण गेले की तो सुमारे ०.२६ होतो, नव्वद गेले की पुन्हा ०.०६ पर्यंत उतरतो. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये जी कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हेच गणित होते: शेतीतून लोक बाहेर पडू लागले की विषमता आधी वाढेल आणि पुढे आपोआप ओसरेल.

या 'आपोआप'वर विकसनशील देशांतल्या धोरणकर्त्यांनी फार काळ विसंबून राहणे महागात पडले आहे, असे मला वाटते. कारण हे सारे गणित उत्पन्नाचे आहे. उत्पन्न म्हणजे नळातून येणारे पाणी आणि मालमत्ता म्हणजे टाकीत साठलेले पाणी. जमीन, घर, बचत आणि वारशाने आलेले सारे काही या साठ्यात मोडते, आणि हा साठा जवळजवळ प्रत्येक देशात उत्पन्नापेक्षा कितीतरी विषम वाटला गेलेला असतो.

स्थलांतराने उत्पन्न वाढते, याविषयी मात्र चांगला पुरावा आहे. टांझानियाच्या कागेरा भागात १९९१ मध्ये पाहणी केलेल्या कुटुंबांतील माणसे २००४ मध्ये पुन्हा शोधून काढली गेली, अगदी दूर गेलेलीसुद्धा. एकाच घरातल्या माणसांची तुलना केली, तेव्हा बाहेर पडलेल्यांच्या उपभोगातली वाढ मागे राहिलेल्यांपेक्षा सरासरी ३६ टक्के-बिंदूंनी जास्त निघाली.

मग सगळेच का जात नाहीत? बांगलादेशातील रंगपूर भागात भाताच्या कापणीआधीचे काही महिने हाताला काम नसते आणि घरात धान्य उरत नाही. या उपासमारीच्या काळाला तिथे 'मोंगा' म्हणतात. २००८ मध्ये संशोधकांनी तिथल्या काही कुटुंबांना, घरातल्या कोणीतरी हंगामापुरते बाहेर जावे या अटीवर, सुमारे साडेआठ डॉलर, म्हणजे साधारण जाण्या-येण्याच्या भाड्याएवढी रक्कम दिली. एवढ्याने एरवी गेली असती त्यांखेरीज आणखी २२ टक्के कुटुंबांनी माणूस बाहेर पाठवला, आणि पुढच्या वर्षी पैसे न मिळताही त्यांतली बरीच पुन्हा गेली. काम मिळाले नाही तर भाडे वाया जाईल आणि मुले उपाशी राहतील, ही भीतीच त्यांना अडवत होती. पुढे हा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये तो थांबवण्यात आला. त्यामुळे उपाय म्हणून त्याचा बडेजाव करणे बरोबर नाही. निदान म्हणून मात्र तो मोलाचा आहे: ज्याच्याकडे एक हंगाम वाया घालवण्याइतकाही साठा नाही, त्याला चांगली मजुरी दिसत असूनही गाठता येत नाही.

जो पोहोचतो, त्याची गाठ शहराच्या जमिनीशी पडते. माणसे वाढतात, जागा तेवढीच राहते, म्हणून भाडे चढते. आणि स्थलांतरिताच्या वाढलेल्या मजुरीतला एक भाग दरमहा अशा कोणाच्या तरी हाती जातो, ज्याची जमीन केवळ माणसे आली म्हणून महाग झाली. झोपडपट्टीत स्वतःचे छप्पर उभारले तरी त्याला कागद नसतो, ते गहाण ठेवता येत नाही, आणि ते कधी पाडले जाईल याची खात्री नसते. उरलेली बचत गावी जाते. तिथे तिच्यातून घर होते, पण शहरातल्या जागेसारखी त्याची किंमत चढत नाही.

चीनमध्ये मजुरी आणि मालमत्ता यांची ही फारकत कायद्यानेच आखली गेली. १९५८ च्या नियमांनी 'हुकोऊ' ही घरनोंदणी पक्की झाली आणि माणूस गावचा की शहराचा हे जन्मानेच ठरू लागले. पुढे कोट्यवधी लोक कारखान्यांत आले, पण नोंद गावचीच राहिली. १९९८ च्या घरसुधारणेने कामाच्या ठिकाणामार्फत घरे वाटण्याची पद्धत बंद झाली, आणि त्या सुमारास शहरी नोंदणीच्या कुटुंबांना राहती सरकारी घरे बाजारभावापेक्षा खूपच स्वस्तात विकत मिळाली. या वाटपात गावच्या नोंदणीच्या कामगाराला जवळपास स्थान नव्हते, आणि गावातली त्याची घराची जागा सामूहिक मालकीची असल्याने बाहेरच्याला विकता येत नव्हती. पुढच्या दोन दशकांत शहरी घरांच्या किमती अनेक पटींनी वाढल्या. एकाच यंत्रावर सारख्या पगारात काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हाती घर आले आणि दुसरा भाडेकरू राहिला. मोठ्या शहरांत सरकारी शाळेतला प्रवेशही बराच काळ त्याच नोंदीशी बांधलेला होता, म्हणून दुसऱ्याची मुले बहुधा गावी आजी-आजोबांजवळ वाढली.