'लग्न लावून द्या, सुटेल ती सवय' हे खरं का नाही?

"मुलाचं लक्ष सारखं 'तसल्या' गोष्टींत? लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर." अनावर लैंगिक सवयींबद्दलचा हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, तोही काळजीपोटी. पण तो चुकीचा आहे.

अडचण लैंगिक इच्छा जास्त असण्याची नसते, ती आवरता न येण्याची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत (२०२२पासून लागू) 'सक्तीचं लैंगिक वर्तन' हा आवेग-नियंत्रणाचा (म्हणजे ऊर्मी रोखता न येण्याचा) विकार धरलाय: सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ आवर घालता येत नाही आणि काम, तब्येत, नाती बिघडतात. नुसतं अपराधी वाटणं म्हणजे विकार नव्हे, हेही तिथे स्पष्ट आहे. हे वर्गीकरण इंटरनेटवर मोफत आहे, स्वतः वाचून बघा.

मग लग्नाने काय बदलतं? रात्री दोनला बाथरूममधला मोबाइलचा उजेड तसाच राहतो, फक्त दाराबाहेर आता बायको जागी असते. 'माझ्यातच काही कमी आहे' असं तिला वाटत राहतं. तसं अजिबात नसतं, आणि हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

समुपदेशनात आवेग कधी उसळतो (ताण, एकटेपणा, भांडण) ते ओळखून वेगळं वागायला शिकवतात. जोडीदाराचंही ऐकून घेतात. गोपनीयतेचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच दिलाय. मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.