वाऱ्यापासून पळालेला खेळ

दिवाळी सरली की नागपूरच्या ले-आउटांमधल्या रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या रेघा पडतात, बांबूला हॅलोजन टांगला जातो आणि रात्रीची जेवणं आटोपली की फुलाचे, म्हणजे शटलचे, फटके ऐकू येतात. वारा सुटला की फूल शेजारच्या गच्चीवर. बॅडमिंटनचं हे दुखणं जन्मापासूनचं आहे.

खेळ पुण्यात जन्मला, असं पुणेकर सांगतात. अर्धं खरं आहे. नागपूरकराने एवढं मान्य केलं तरी पुष्कळ. इंग्लंडात त्याआधीपासून फूल खाली न पडू देता दोघांनी मिळून फटके मोजायचा खेळ होता. त्यात कुणी हरत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी जे खेळू लागले, त्यात मधे जाळी होती आणि हार-जीतही. त्याला ‘पूना’च म्हणत. नाव मात्र टिकलं ते ग्लॉस्टरशरमधल्या ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या वाड्याचं, बॅडमिंटन हाउसचं. 1873 साली तिथेच बारसं झालं ही कथा फार चालते. पण लंडनच्या आयझॅक स्प्रॅटने 1860 मध्येच एका पुस्तिकेवर हे नाव छापलं होतं.

वाऱ्यावर एक उतारा दक्षिणेत निघाला: पिसांऐवजी लोकरीचा चेंडू. तंजावरच्या राजघराण्यात हा बॉल बॅडमिंटन खेळला जाई, असं सांगतात. तेही भोसलेच, पण आपल्या नागपूरच्या महाल भागातले नव्हेत. इंग्रजांनी दुसरा उतारा काढला, छताखाली जायचं. 1893 मध्ये त्यांची संघटना झाली, 1899 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त दुहेरी! कोर्ट 1901 पर्यंत डमरूसारखं, जाळीपाशी अरुंद होतं. 1934 ची आंतरराष्ट्रीय संघटना, 1992 चं ऑलिंपिक हा पुढचा प्रवास सरळच. आपल्याकडे सांगलीच्या नंदू नाटेकरांनी 1956 मध्ये मलायात भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

नागपुरात नोव्हेंबर 2017 मध्ये मानकापूरच्या हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा झाली. सायनाने सिंधूला हरवलं, दुसरा गेम 27-25. चार वर्षांनी, जानेवारी 2022 मध्ये, दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये त्याच सायनाला हरवलं ते नागपूरच्या मालविका बनसोडने.

हॉलमध्ये वारा नाही, पण मे महिना आहेच. तापलेली हवा विरळ, त्यामुळे फूल सुसाट जातं. म्हणून उन्हाळ्यात कमी नंबरचं, म्हणजे हळू जाणारं, फूल घ्यायचं. शिवाय कोरड्या हवेत पिसं तुटतात, म्हणून खेळण्याआधी डब्याला वाफ द्यायची.