रिझर्व्हेशनचं तिकीट हरवलं, फाटलं किंवा भिजलं तर: डुप्लिकेट कसं मिळतं आणि अर्ज कुठे अडतो

हे रेल्वेच्या खिडकीवर काढलेल्या कागदी तिकिटाबद्दल आहे. ऑनलाइन तिकिटाचा कागद हरवला तर घाबरायचं कारण नाही. मोबाइलवरचा मेसेज आणि मूळ ओळखपत्र पुरतं. जनरलच्या तिकिटाला डुप्लिकेट मिळत नाही, दुसरं काढायचं. विनातिकीट सापडलात तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड बसतो. अ‍ॅपवरचं जनरल तिकीट अ‍ॅप उघडूनच दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट चालत नाही, आणि फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीटच.

खिडकीवर सगळ्यात जास्त वाद होतो तो पैसे परत मागण्यावरून. हरवलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. रेल्वेच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे मिळतं ते डुप्लिकेट तिकीट, तेही कन्फर्म किंवा आरएसी (बसायची जागा पक्की, पण पूर्ण बर्थ नाही) असेल तरच. चार्ट, म्हणजे प्रवाशांची जागेसकट यादी, लागण्याआधी कळवलंत तर सेकंड आणि स्लीपरला ५० रुपये, वरच्या वर्गांना १०० रुपये. चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकिटाला थेट निम्मं भाडं, आणि हरवलेल्या आरएसीला डुप्लिकेटच मिळत नाही.

आपल्या बेळगावकडची माणसं अडतात ती इथेच. ‘माझी गाडी उद्या सकाळची, चार्ट सकाळी लागेल’ असं धरून लोक निवांत राहतात. पण चार्ट साधारणपणे गाडी जिथून निघते तिथल्या वेळेवर लागतो, बेळगावच्या वेळेवर नाही. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री बेंगळूरहून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावात येते. आता अशा रात्रीच्या गाडीचा पहिला चार्ट ती सुटायच्या निदान १० तास आधी लागतो, म्हणजे आदल्या दुपारीच विषय संपलेला असतो. मिरज-सांगलीला निघालेला माणूस संध्याकाळी खिडकीवर येतो आणि ५० रुपयांच्या जागी निम्मं भाडं ऐकून हबकतो. ही गोष्ट खिडकीबाहेर ठळक अक्षरांत लावायला काय हरकत आहे, कळत नाही. तोवर तुम्हीच पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग नंबर) टाकून स्टेटस बघा किंवा रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला विचारा. चार्ट लागलाय की नाही ते तिथे समजतं.

पण त्यासाठी पीएनआर हवा, आणि तिकीटच हरवलं तर तो आणायचा कुठून? फॉर्मवर स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला असेल तर मेसेज आलेला असतो. पुष्कळजण ती जागा कोरी सोडतात, नाहीतर तिकीट काढून देणाऱ्याचा नंबर टाकतात. कृपा करून तसं करू नका. तिकीट हातात पडलं की उभ्या उभ्या त्याचा फोटो काढा. डाव्या कोपऱ्यात वर दहा आकडी पीएनआर असतो, तो नीट दिसला पाहिजे.

दुसरी अडचण नावाची. आधारवर कर्नाटकी पद्धतीने ‘टीएच’ घालून ‘ज्योती’, ‘गीता’, ‘सविता’ लिहिलेलं असतं आणि घरातलं पोर फॉर्म भरताना नुसता ‘टी’ लिहितं. एरवी कुणी फारसं बघत नाही, पण तिकीट हरवलंय म्हणून ओळख पटवायची वेळ आली की त्याच एका अक्षरावर प्रश्न विचारले जातात. फॉर्मवर नाव आधारवर आहे तसंच लिहा.

ज्या स्टेशनावर गाडी धरायची तिथल्या रिझर्व्हेशन सुपरवायझरकडे साध्या कागदावर अर्ज करायचा. पीएनआर, गाडी नंबर, तारीख, वर्ग, कुठून कुठे, सगळ्या प्रवाशांची नावं-वयं आणि तिकीट कसं गेलं ते लिहायचं. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, मूळ कार्ड हातात. निपाणीकरांनी तिकीट कोल्हापुरात काढलं असेल आणि गाडी बेळगावात धरायची असेल तर बेळगावातच जावं. अर्ज मराठीत वाचला जाईलच याची खात्री नाही, तेव्हा हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा.

फाटक्या तिकिटाचे तुकडे मात्र टाकू नका. शर्टाच्या खिशात धुऊन निघालेला लगदासुद्धा सावलीत वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. चार्ट लागल्यावर फाटलेल्या कन्फर्म तिकिटाला २५ टक्के भाडं घेतात, हरवलेल्याला ५० टक्के. तुकडे टाकून ‘हरवलं’ म्हणालात तर दुप्पट भराल. शिवाय तपशील वाचून तिकीट खरं असल्याची खात्री पटत असेल, तर फाटक्या तिकिटावर रद्द केल्याचा परतावाही मिळू शकतो. वेटिंगचं तिकीट फाटलं तर डुप्लिकेट नाही.

डुप्लिकेट घेतल्यावर मूळ तिकीट सापडलं, तर गाडी सुटण्याआधी दोन्ही तिकिटं खिडकीवर द्या. डुप्लिकेटसाठी भरलेल्या रकमेतून ५ टक्के, किमान २० रुपये, कापून बाकीचे परत मिळतात.